उमेदवारी

फेब्रुवारी महिना उजाडला की आमच्या कचेरीत एका विशिष्ट प्रकारच्या वाङ्मयाचा पूर येऊ लागतो. कथा, नाट्य, काव्य यांपैकी कोणत्याच सदरात ते बसत नाही; परंतु कल्पनाशक्तीच्या बाबतीत ते या तिघांनाही हार जाणारे नव्हे. मुंबईच्या फोर्ट भागात सॉलिसिटरांची एक मध्यम आकाराची पेढी आहे आणि तिच्यात मी गेली बरीच वर्षे भागीदार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे आमच्याकडे येऊन काम पाहण्याची इच्छा असलेले कायद्याचे विद्यार्थी आम्हांला जे अर्ज धाडतात, तेच हे वाङ्मय. यंदा असे ११२ अर्ज आले. जागा ४.

अर्ज आता ई-मेलने येतात. पण पडद्यावर वाचण्याची सवय माझ्या डोळ्यांना अजून नीटशी जडलेली नाही, म्हणून आमचा कारकून ते छापून, टाचून माझ्या मेजावर आणून ठेवतो. रात्री जेवणानंतर मी ते वाचीत बसतो. एक चिरंजीव लिहितात की, कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या कायद्याविषयी आपल्याला लहानपणापासून जिव्हाळा आहे. आमच्या लहानपणी मुलांना जिव्हाळा असे तो पतंगांचा आणि कैऱ्यांचा. काळ किती पुढे गेला आहे, असे मनात येते. दुसरा आमच्या पेढीच्या कीर्तीने अगदी भारावून गेला आहे. मात्र घाईघाईत त्याने तिसऱ्या परिच्छेदात शेजारच्या इमारतीतील पेढीचे नाव तसेच राहू दिले आहे. तिसरीला नेतृत्व, चिकाटी आणि सहकार्य हे तिन्ही गुण एकाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत प्राप्त झाले आहेत. सर्वांची इंग्रजी भाषा सफाईदार, सर्वांचा नम्रपणा सारखा, आणि सर्वांच्या आकांक्षा जणू एकाच शिंप्याने बेतलेल्या.

मी हसतो खरा. पण हे हसणे फार वेळ टिकत नाही. कारण अशा प्रकारच्या वाङ्मयात एके काळी मीही भर घातलेली आहे. आणि माझ्या अर्जात जे एक वाक्य होते, तसे वाक्य या ११२ अर्जांत मला अद्याप सापडलेले नाही. ते वाक्य काय होते, हे सांगण्यासाठीच आज लिहावयास बसलो आहे.

उमेदवार हा शब्द आता निवडणुकीवाल्यांनी पळविला. पूर्वी त्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत बिनपगारी बसावे, दप्तर उचलावे, नकला कराव्यात, आणि पुढेमागे एखादी जागा रिकामी होईल या आशेवर वर्षे काढावीत, याला उमेदवारी करणे म्हणत. उमेद म्हणजे आशा. पगाराच्या ठिकाणी जो आशा घेऊन घरी जातो, तो उमेदवार. आमच्या धंद्यात ही गोष्ट फार जुनी आहे. इंग्लंडात १७२८ सालच्या कायद्याप्रमाणे ॲटर्नी होऊ पाहणाऱ्याला दुसऱ्या ॲटर्नीच्या हाताखाली पाच वर्षे करारबद्ध राहावे लागे. त्या करारातील कलमांवरून त्याला ‘आर्टिकल्ड क्लार्क’ हे नाव पडले. या नोकरीबद्दल वेतन मिळणे तर दूरच, उलट मुलाचा बापच गुरूला बरीच रक्कम मोजून देत असे. तीच रीत इंग्रजांबरोबर मुंबईला आली. १८९४ साली स्थापन झालेली ‘बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी’ सॉलिसिटरांची परीक्षा आजही घेते, आणि तिच्यासाठी तीन वर्षांची आर्टिकलशिप आजही करावी लागते. ॲटर्नी आणि ॲडव्होकेट हा उच्च न्यायालयातला जुना भेद १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातून निघून गेला. तरी ‘सॉलिसिटर’ या पाटीची ओढ कायम राहिली.

कोणाकोणाच्या बाबतीत ही उमेदवारी फारच लांबली. नाशिकला १८६६ साली जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली बी. सी. एल. च्या परीक्षेस बसली. त्या परीक्षेला बसणारी ती पहिली स्त्री. लंडनमधल्या सॉलिसिटरांच्या एका पेढीत तिने काही काळ काम पाहिले. मायदेशी परतून १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. ही ती झाली. एवढे सारे करूनही वकिलीचे दार तिच्यासाठी बंदच. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना देशभर वकिली खुली झाली, तेव्हा तिची पन्नाशी केव्हाच उलटून गेली होती. उमेद हा शब्द किती ताणला जाऊ शकतो, याचा विचार करताना मला नेहमी या बाईची आठवण होते.

आता तर उमेदवारी सक्तीची आहे. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्याने किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांचा घेणाऱ्याने २० आठवडे असे काम केले पाहिजे. तेही एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. विद्यार्थ्याने आठवडे भरावेत, हे नियमाने सांगून ठेवले. पण कोणाच्या दारात उभे राहून भरावेत, हे ज्याचे त्याने पाहावयाचे. ज्याचा मामा वकील आहे त्याला हा प्रश्न पडतच नाही. ज्याला असा मामा नाही तो आमच्यासारख्यांना अर्ज लिहितो.

मला असा मामा नव्हता. १९९२ साली मी पुण्यास कायद्याच्या दुसऱ्या वर्षात होतो. तेव्हा असा काही नियम नव्हता. पण मुंबईच्या एखाद्या पेढीत सुट्टी काढली की पुढे आर्टिकलशिपसाठी वशिला लागतो, असे वसतिगृहात सर्वजण बोलत. तार-ऑफिसात मुंबईची टेलिफोन डिरेक्टरी असे. तिच्यातून मी २७ पेढ्यांचे पत्ते उतरवून घेतले आणि अप्पा बळवंत चौकातील एका टंकलेखकाकडून २७ पत्रे टाइप करून घेतली. पत्र एकच; वरचे नाव तेवढे निराळे. त्यात माझ्या ठिकाणी वसत असलेल्या गुणांची यादी होती. महिना गेला, दोन महिने गेले. दोन पेढ्यांकडून छापील दिलगिरी आली. बाकीच्या २५ ठिकाणी माझे पत्र पोचले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

दिवाळीत घरी गेलो. येथे माझ्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते अर्जनवीस होते. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, मामलेदार कचेरीच्या आवारात एका कडुनिंबाखाली त्यांची बैठक असे. पुढे उतरत्या फळीचे मेज, बाजूला स्टँपांची पत्र्याची पेटी, शाईचे पॅड, टाचण्यांची डबी, आणि पक्षकारासाठी एक डुगडुगणारे बाक. लोक त्यांना ‘रायटर’ म्हणत. ज्यांना लिहिता येत नव्हते, आणि लिहिता येऊनही सरकारला काय लिहावे हे ज्यांना कळत नव्हते, अशांचे अर्ज त्यांनी चाळीस वर्षे लिहिले.

अर्ज लिहावयास बसले की अण्णा पहिला अर्धा तास काही लिहीतच नसत. समोरचा शेतकरी आपल्या आज्यापासून सुरुवात करी. बांध कोणी कोरला, विहिरीवरून मारामारी कशी झाली, चुलत्याने कसा घात केला, हे सारे ते ऐकून घेत. मग हळूच म्हणत, “हे झालं, बाबा. आता तू कोण, आणि तुला काय पाहिजे, एवढं सांग.” एवढे सांगणे माणसाला किती कठीण जाते, हे मी त्या बाकाच्या कडेला बसून लहानपणापासून पाहिले आहे. पुष्कळदा त्या प्रश्नाने बोलका माणूस गप्प होई. अर्ज लिहून झाल्यावर अण्णा तो सावकाश, मोठ्याने वाचून दाखवीत. पक्षकाराने मान हलविली की खाली ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ असे लिहीत, आणि मगच त्याचा अंगठा घेत. मध्येच कोणी म्हणाला, “असं मी बोललो न्हाई, रायटर,” तर कागद फाडीत आणि दुसरा घेत. त्या फाडलेल्या कागदाचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. सुट्टीत नकला करण्याचे काम माझ्याकडे असे. सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोंद, तलाठ्याचे अक्षर, हे मी इंग्रजी व्याकरणाच्या आधी शिकलो.

तर दिवाळीत अण्णांनी विचारले, “मुंबईला अर्ज केले होतेस, त्यांचं काय झालं?” मी काही उत्तर आले नाही म्हणून सांगितले. “वाच बघू,” ते म्हणाले. जवळ असलेली कार्बन-प्रत काढून मी तिचा मराठीत अर्थ सांगत गेलो. ते डोळे मिटून ऐकत होते. वाचन संपल्यावरही काही वेळ तसेच राहिले.

“पत्र छान आहे,” ते म्हणाले. “पण यात अर्जदार कुठे आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे कुणी लिहिलंय हे? हे पत्र तुझ्या वर्गातल्या कुणीही सही करून धाडावं, चालेल. तू कोण ते यात नाही. तुला येतं काय, तेही नाही. नुसते गुण आहेत.”

मला राग आला. आणि राग यावा इतके ते खरे होते. त्या रात्री मी नवा मजकूर लिहिला. त्यात मी म्हटले: माझे वडील अर्जनवीस आहेत, त्यांच्याजवळ बसून मी जमिनीचे कागद वाचण्यास शिकलो आहे, मला नकला करता येतात, मराठी दस्तांचा इंग्रजीत अर्थ सांगता येतो, चार आठवडे काम पाहू द्यावे. पाच ओळींचे पत्र. सकाळी अण्णांना वाचून दाखविले. त्यांनी मान हलविली आणि “हं, आता आहे,” एवढेच म्हटले.

सुट्टी संपली आणि मी पुण्यास आलो. टंकलेखकाच्या दुकानात माझ्या पुढे दोघे विद्यार्थी होते. एकाचे वडील डॉक्टर असल्याचे त्याच्या पत्रात होते, दुसऱ्याचे न्यायाधीश. माझा कागद हातातच राहिला. झाडाखालचे मेज, डुगडुगणारे बाक, शाईने निळे झालेले अंगठे, हे सारे फोर्टमधल्या एखाद्या शिसवी मेजावर जाऊन पडणार, या कल्पनेने मला कसेसेच झाले. तेथल्या तेथे उभ्याउभ्या मी ‘अर्जनवीस आहेत’ हे शब्द खोडले आणि ‘महसूल खात्याच्या कामाशी संबंधित आहेत’ असे घातले. झाड कचेरीच्या आवारातले, कचेरी महसूल खात्याची आणि अण्णा झाडाखाली. तेव्हा वाक्य खोटे म्हणता येईना! कायद्याच्या दृष्टीने तो माझा पहिला यशस्वी मसुदा होय. वडिलांचा धंदा गेल्यावर जमिनीचे कागद कोठे शिकलो, हे सांगण्याची सोय उरली नाही. म्हणून तेही वाक्य काढून टाकले, आणि रिकाम्या जागेत पूर्वीच्या पत्रातले दोन गुण परत आणून बसविले.

पुढे अण्णांचे कार्ड आले. त्यात एक ओळ होती: ‘ठरल्याप्रमाणे अर्ज गेले असतील.’ मी उलट टपाली कळविले, ‘ठरल्याप्रमाणे गेले.’

१९९३ च्या मार्चमध्ये एका पेढीचे पत्र आले. एप्रिलमध्ये चार आठवडे यावे, वेतन नाही, जाण्यायेण्याचा खर्च मिळेल. मला वाटले, माझ्या मसुद्याला यश आले. मी गिरगावात एका दूरच्या नातलगांच्या चाळीत वळकटी टाकली आणि रोज सकाळी साडेनऊला जाळीच्या दरवाजाच्या लिफ्टने पेढीत जाऊ लागलो.

पहिले तीन आठवडे मी काय केले हे सांगण्यासारखे नाही. कागदांना पान-क्रमांक घातले, झेरॉक्सच्या यंत्रापाशी उभा राहिलो, फायली घेऊन उच्च न्यायालयाच्या जिन्यांवरून चढलो-उतरलो. चौथ्या आठवड्यात ठाणे जिल्ह्यातील एका जमिनीचे काम निघाले. जमीन विकत घ्यावयाची असली की सॉलिसिटराने तिच्या मालकीचा मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा, अशी आमच्यात रीत आहे. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतील इंडेक्स पाहावयाचे, सातबारे पाहावयाचे, एकेक फेरफार मागे मागे लावीत जावयाचे. कागदांचा गठ्ठा आला होता. पण पेढीतले तरुण सॉलिसिटर इंग्रजी शाळांतून आलेले, त्यांना तलाठ्याचे अक्षर लागेना. गठ्ठा फिरत फिरत माझ्यापुढे आला. एका जुन्या फेरफारात विकणाऱ्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ अशी तीन अक्षरे होती. सर्वांनी ते आडनावाचे संक्षिप्त रूप समजून सोडून दिले होते. मला ती अक्षरे घरच्यासारखी. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे जमीन त्या माणसाची नव्हेच. ती एका अज्ञान मुलाच्या नावची, आणि हा त्याचा नुसता पालक. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञानाची स्वतःची स्थावर मिळकत विकण्यापूर्वी पालकाला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आणि गठ्ठ्यात ती परवानगी कोठेच नव्हती.

मोठ्या साहेबांनी मला आत बोलाविले. कागद पुन्हा पुन्हा पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, “हे वाचायला कुठे शिकलात?”

मी म्हणालो, “पुण्याला. कॉलेजात.”

ते काही बोलले नाहीत. “ठीक आहे,” म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी सर्वांचा निरोप घेत होतो. त्या काळी प्रत्येक जुन्या पेढीत एक मॅनेजिंग क्लार्क असे, आणि पेढी खरी कोण चालवितो, याविषयी त्याला कोणतीही शंका नसे. आमच्याकडचे गृहस्थ रत्नागिरीकडचे, साठीला आलेले. त्यांनी मला बसावयास सांगितले, कपाटातून एक पातळ फाईल काढली आणि माझ्यासमोर उघडली. वर माझे टाइप केलेले पत्र होते. त्याखाली एक फुलस्केप कागद होता, आणि त्यावरचे अक्षर मी अंधारातही ओळखले असते.

डाव्या बाजूला रुंद समास सोडलेला. वर ‘अर्जदार’ म्हणून अण्णांचे नाव, ‘वय ५८, धंदा अर्जनवीस’, आणि राहण्याचा पत्ता. खाली मजकूर: ‘कारणे विनंती अर्ज ऐसा जे की, अर्जदाराचा मुलगा पुणे मुक्कामी कायद्याचे दुसरे वर्षात शिकत आहे. मुलगा फार हुशार आहे, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. त्यास सातबारा व फेरफार वाचता येतो, अक्षर बरे आहे, व सांगितलेले काम तो अर्धे टाकीत नाही, हे अर्जदाराने स्वतः पाहिले आहे. तरी त्यास सुट्टीत चार आठवडे काम पाहू द्यावे. पगाराची मागणी नाही. मुलास या अर्जाची माहिती नाही.’ आणि कोपऱ्यात कोर्ट-फीचे एक तिकीट चिकटविलेले होते. खाजगी पेढीला अर्ज करताना कोर्ट-फी लागत नाही, हे अण्णांना न कळण्यासारखे नव्हते. पण तिकिटाशिवाय अर्ज दाखल होत नाही, ही चाळीस वर्षांची समजूत. मुलाच्या बाबतीत कशाला धोका पत्करा, असे त्यांना वाटले असावे.

“साहेबांना मीच वाचून दाखवला,” मॅनेजिंग क्लार्क म्हणाले. “त्यांनी दोन्ही अर्ज एकाच फायलीत लावायला सांगितले.”

म्हणजे साहेबांनी ‘कुठे शिकलात’ म्हणून विचारले, तेव्हा उत्तर त्यांच्या कपाटात होते. त्यांनी मला एक संधी दिली होती.

मी गावी गेलो. अण्णांनी विचारले, “चार आठवडे पुरे झाले?” मी म्हणालो, “झाले.” त्यांनी अर्ज केल्याचे सांगितले नाही, मी तो पाहिल्याचे सांगितले नाही. पुढे त्याच पेढीत माझी आर्टिकलशिप झाली. १९९९ साली अण्णा गेले, तोपर्यंत हा विषय आमच्यात एकदाही निघाला नाही. त्यांच्या हाती कधी माझ्या पत्राची प्रत पडली असती तर त्यांनी काय केले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बहुधा कागद फाडून दुसरा पुढे केला असता आणि त्याचे पैसे लावले नसते.

गांधीजींच्या आत्मकथेतील एक भाग मला या संदर्भात नेहमी ओढून घेतो. १८९१ साली ते बॅरिस्टर होऊन आले. मुंबईत जम बसेना. पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना. एका शाळेत इंग्रजी शिकविण्याची ७५ रुपयांची जागा होती; तेथे अर्ज केला, तर पदवीधर नाही म्हणून नकार मिळाला. अखेर ते राजकोटला गेले, आणि तेथे हा विलायतेचा बॅरिस्टर लोकांचे अर्ज आणि विनंतीपत्रे लिहून महिना सरासरी ३०० रुपये मिळवू लागला. म्हणजे अण्णांचाच धंदा! पण मला नवल वाटते ते पुढच्या कबुलीचे. ही कामे आपल्याला स्वतःच्या गुणांमुळे मिळत नसून भावाच्या भागीदाराच्या वशिल्यामुळे मिळत होती, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगून टाकले आहे. ते वाचताना वशिल्याने मिळाल्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती आपण ती गोष्ट लपविल्याची.

यंदाच्या ४ जागांपैकी ३ सहज ठरल्या. चौथ्या जागेसाठी दोन कागद माझ्यासमोर उरले. एक आमच्या वीस वर्षांच्या जुन्या अशिलाच्या पुतण्याचा. मुलगा चांगला आहे, गुणही चांगले; आणि अर्जासोबत काकांचे दोन ओळींचे पत्र. सरकारी कचेरीत म्हणतात ना, कागदावर वजन ठेवले नाही तर तो उडून जातो; तसे ते वजन. दुसरा अर्ज मराठवाड्यातील एका मुलीचा. इंग्रजीत दोन-तीन चुका. पत्र एका पानाचेही नाही. तिने लिहिले होते की, माझे वडील टेंपो चालवितात. मी संध्याकाळी गावातल्या महा-ई-सेवा केंद्रात बसून लोकांचे दाखल्यांचे अर्ज भरते. लोकांना आपले म्हणणे सांगता येत नाही, ते विचारून घ्यावे लागते, हे मी तेथे शिकले. न्यायालयात तेच म्हणणे कसे मांडतात हे मला पाहावयाचे आहे.

अर्जदार त्या कागदात पुरता हजर होता.

मी भागीदारांना सांगितले की, ही जागा या मुलीला द्यावी. एकाने हळूच विचारले, “आणि काकांना कोण सांगणार?” दुसरा म्हणाला, “तुम्हीसुद्धा कोणाच्या तरी पत्रानेच आलात ना?” तो सहज बोलला, पण बरोबर बोलला. मलाही आत आणले ते एका पत्रानेच. अण्णांच्या अर्जात आणि काकांच्या चिठ्ठीत फरक काय, हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारून पाहिला. काकांच्या चिठ्ठीत मुलगा कोणाचा आहे एवढेच होते. अण्णांनी मुलाला काय येते ते लिहिले होते, आणि काय येत नाही हेही सुचविले होते. आणि त्या कागदावर आठ आण्यांच्या तिकिटाखेरीज दुसरे वजन नव्हते. तरीही हा फरक मला वाटतो तितका मोठा आहे, की तो माझे वडील होते म्हणून मोठा वाटतो, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. त्या पुतण्याचा काही अपराध नाही. मी त्याच्या जागी असतो तर चिठ्ठी नको म्हणालो नसतो, हे मला पक्के ठाऊक आहे.

अशिलाला नकार कळविण्याचे काम अर्थात माझ्याच गळ्यात पडले. ते पत्र लिहावयास मला सबंध दुपार लागली. वीस वर्षांचे काम एका पत्राने जाईलही. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मुलीला यावयाचे पत्र गेले. उरलेल्या १०८ जणांनाही, पुतण्या धरून, प्रत्येकी दोन ओळींचे का होईना, उत्तर जावे असे मी कारकुनाला सांगितले. तो कुरकुरला. त्याला त्या २५ पेढ्यांची गोष्ट कोठून ठाऊक असणार?

हे सर्व लिहून झाल्यावर सवयीप्रमाणे पहिल्यापासून मोठ्याने वाचून पाहिले. धंदा अर्जनवीस, हे शब्द या खेपेस खोडलेले नाहीत. खाली ‘बरोबर आहे’ असे लिहावयास हरकत नव्हती. परंतु त्याच्या आधी वाचून दाखवावे लागते. आणि ज्यांना वाचून दाखवावयाचे, ते आता ऐकावयास नाहीत.